पावती कुणाच्या नावावर?

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा मी ती चार वेळा वाचली. आधी वरून खाली, मग खालून वर, मग आडनावाने आणि शेवटी रोल नंबरने. माझं नाव नव्हतंच! एका विंगचं छत दुरुस्तीला काढलेलं, त्यामुळे सीट्स कमी, आणि आम्हा थर्ड इयरच्या अकरा जणांनी 'आपली सोय आपण करावी' अशी दोन ओळींची सूचना. सबमिशन्स तोंडावर, आणि आम्ही मुंबईत घर शोधायला निघालो.

मी मूळचा सोलापूरचा. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची माफी आधीच मागून ठेवतो. (मराठी विभागाच्या संपादक मॅडमनी पहिला ड्राफ्ट लाल शाईने रंगवून परत दिला होता. त्यात माझे शब्द शोधावे लागत होते!) पण हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला नाही, कारण या विषयातले सगळे कामाचे शब्द मराठीतच आहेत. पागडी, पावती, पोटमाळा, पोटभाडेकरू. आणि यातला एकही मला वर्षभरापूर्वी माहीत नव्हता.

सुरुवात अर्थातच दादरपासून केली. कॉलेज जवळ, स्टेशन जवळ, पुस्तकं जवळ. एजंटने वन-बीएचकेचं भाडं सांगितलं अठ्ठेचाळीस हजार, वर डिपॉझिट दोन लाख, वर एजंटचं स्वतःचं एक महिन्याचं भाडं. आम्ही चौघं होतो. प्रत्येकी बारा हजार, म्हणजे घरून येणारे सगळे पैसे भाड्यात, जेवायचं काय? तरीही 'चालेल' म्हणालो. तेव्हा त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "फॅमिली आहे ना?" आम्ही चौघं एकमेकांकडे पाहायला लागलो. आमच्यापैकी कोण कुणाची फॅमिली दिसत होतं कोण जाणे!

परळला तर गंमतच झाली. गंमत आता म्हणतो, तेव्हा रडू आलं होतं. एका एजंटने मोबाईलवर खोलीचे फोटो दाखवले, 'दोन पार्ट्या अजून बघून गेल्यात, टोकन देऊन ठेवा' म्हणाला. आम्ही पाच हजार रोख दिले. दुसऱ्या दिवशी फोन बंद. खोली खरी होती, पण तिच्यात एक कुटुंब गेली कित्येक वर्षं राहत होतं आणि त्यांना ती भाड्याने द्यायची नव्हती. घरातल्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिसरे."

शेवटी सोय लावली ती आपल्या वर्कशॉपमधल्या एका काकांनी. (नाव छापू नका म्हणाले आहेत.) ते राहतात लालबागला. त्यांच्या चाळीत एक काकू एकट्या. यजमान गिरणीत होते, ते गेले, मुलगा बदलापूरला. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. "पोटमाळ्यावर झोपशील?" काकूंनी विचारलं. "उंची किती आहे?" मी सिव्हिलवाल्यासारखं विचारलं. "बसता येतं," काकू म्हणाल्या. चार हजार रुपये, रात्रीचं जेवण धरून. अट एकच. कुणी विचारलं तर सांगायचं, मी काकूंचा भाचा.

ही अट मला फार आवडली. वाटलं, किती प्रेमळ! तिच्यामागे लघुवाद न्यायालय उभं आहे हे नंतर कळलं.

झालं असं, की एका महिन्यात काकूंचा गुडघा दुखत होता म्हणून घरमालकाच्या माणसाकडे भाडं भरायला मी गेलो. त्याने पिवळट कागदाची पावती फाडून दिली. आकडा होता १६८ रुपये. मला वाटलं एखादं शून्य राहिलं. परत विचारलं. तो म्हणाला, "दुरुस्तीचा उपकर वेगळा." खाली रस्त्यावर समोरच टॉवर उभा आहे. त्यातल्या एका फ्लॅटच्या महिन्याच्या भाड्यात काकूंचं वीस-बावीस वर्षांचं भाडं निघालं असतं! मध्ये फक्त एक रस्ता.

हे असं का, याचं उत्तर शोधता शोधता माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. जे समजलं ते सांगतो.

मुंबईत भाड्यावर सरकारने पहिल्यांदा लगाम घातला तो १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत. मग दुसरं महायुद्ध आलं, लोंढे वाढले, मालक मागतील ते भाडं घेऊ लागले. तेव्हा १९४७ मध्ये भाडे नियंत्रणाचा कायदा आला, आणि त्याने ठरवलं की १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. कायदा तात्पुरता होता. पण त्याची मुदत वाढत गेली, वाढत गेली... आणि भाडं मात्र १९४० मध्येच थांबून राहिलं. डाळ-तांदूळ, पगार, सिमेंट, सळई सगळं पुढे गेलं. गिरगाव, परळ, लालबागमधल्या खोल्यांचं भाडं गेलं नाही.

यावर माझ्या इलेक्ट्रिकलच्या मित्राने लगेच 'फीडबॅक लूप तुटली' असं निदान केलं. इलेक्ट्रिकलवाल्यांना सगळीकडे लूपच दिसते. पण या वेळी तो बरोबर होता. भाड्यातून चुना मारायचाही खर्च निघेना, म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. आणि या इमारती काही आपल्या डिझाइनच्या पेपरमधल्या आरसीसी फ्रेम नव्हेत. जुन्या चाळी म्हणजे सागवानी खांब, लाकडी तुळया आणि मध्ये विटांची भर. तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे पाणी मुरतं. पाणी येतं मोरीतून आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासातून. बाहेरून तुळई शाबूत दिसते, भिंतीतलं टोक मात्र भुगा झालेलं असतं. आमच्या चाळीत मागच्या बाजूला तीन टेकू लावलेत. पहिल्या दिवशी मी ते पाहून घाबरलो, तर समोरचा मुलगा म्हणाला, "हे माझ्या जन्माआधीपासून आहेत." लहान मुलं त्यांना धरून लपाछपी खेळतात. स्ट्रक्चर्सच्या सरांनी 'तात्पुरता आधार' शिकवला तेव्हा मला हसू आवरेना.

इमारती पडायला लागल्या, माणसं मेली, तेव्हा १९६९ मध्ये सरकारने वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं. भाडेकरू उपकर भरणार आणि मंडळ इमारत दुरुस्त करणार. हेच मंडळ पुढे म्हाडाखाली आलं. 'सेस बिल्डिंग' म्हणजे उपकरप्राप्त इमारत, हे मला पूर्वी वाटायचं तसं कुठल्या बिल्डरचं नाव नव्हे! दुरुस्तीला काढली की संक्रमण शिबिरात जायचं. तिथे गेलेले काही लोक म्हातारे झाले पण परत आले नाहीत, म्हणून चाळीत 'संक्रमण' हा शब्द सणाचा नाही, धास्तीचा आहे.

आता पागडी. मालकाला भाड्यात काही मिळेना आणि भाडेकरूला काढताही येईना, तेव्हा दोघांनी मिळून एक तिसरीच वाट काढली. खोली सोडणारा भाडेकरू ती 'विकतो'. म्हणजे खोली नव्हे, त्यात भाडेकरू म्हणून राहण्याचा हक्क. येणारा माणूस एकदम मोठी रक्कम मोजतो. त्यातला हिस्सा, बऱ्याच ठिकाणी तिसरा, मालक घेतो आणि पावती नवीन माणसाच्या नावावर करून देतो. तिथून पुढे नवा माणूस तेच नाममात्र भाडं भरतो. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या, पण किंमत सगळी त्या पिवळट कागदाला. हा व्यवहार पूर्वी कायद्याने गुन्हा होता, तरी सगळी गिरगाव-परळ त्यावरच चालली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात भाडं असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही असं म्हटलं. मग महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात पागडीला मान्यता मिळाली आणि भाडं दरवर्षी ४ टक्के वाढवता येईल असं ठरलं. वर्षाला ४ टक्के चक्रवाढीने पंचवीस वर्षांत पावणेतीन पटीच्या थोडं आतच पोहोचतो. काकूंची जुनी पावती मी पाहिली, २००० सालची, ६३ रुपये. ६३ गुणिले २.६७, करा हिशोब. कॅल्क्युलेटर लागणार नाही.

बरं, मग एवढं स्वस्त असताना आमच्यासारख्याला कुणी सरळ भाड्याने का ठेवत नाही? कारण भाडेकरूला मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवला आणि मालकाने सिद्ध केलं तर खोली खाली करण्याचा तो आधार होतो. असे दावे चालतात धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, आणि चालतात म्हणजे अगदी निवांत चालतात. दुसरं एक कलम असं आहे, की योग्य कारणाशिवाय सहा महिने खोली वापरली नाही तरी मालक दावा लावू शकतो. म्हणून बदलापूरचा मुलगा दर शनिवारी आईकडे येऊन झोपतो. मला आधी वाटायचं हे निव्वळ मातृप्रेम. प्रेम आहेच, पण कलमही आहे! आणि म्हणून मी भाचा.

मला सुरुवातीला रागही आला होता, खरं सांगतो. १६८ भरायचे आणि माझ्याकडून चार हजार घ्यायचे? मग एक दिवस काकूंची औषधं आणायला गेलो. बिल झालं दोन हजार सातशे. राहिलेल्या तेराशेत माझ्या महिन्याभराच्या भाकऱ्या. राग तिथल्या तिथे मेडिकलच्या काउंटरवर सोडून आलो. मालकाच्या जागी मी असतो तर मात्र आजही चिडलो असतो. दोघांचंही बरोबर असणं मला अजून जमवता आलेलं नाही.

ज्यांना पावतीवालं कुणी भेटत नाही त्यांच्यासाठी उरतं लीव्ह अँड लायसन्स. यातही एक इतिहास आहे. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर राहत होते ते सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. मालकांनी त्याचा असा धसका घेतला की कित्येकांनी घरं रिकामी ठेवणं पत्करलं, पण दिली नाहीत. १९९९ च्या कायद्याने मुदत संपली की घर सोडलंच पाहिजे असं स्पष्ट केलं. नाही सोडलं तर दुप्पट आकार. तरीही मालकाच्या मनात ती भीती आहेच, म्हणून अकरा महिने, म्हणून 'फॅमिली आहे का'. 

ज्युनियर्सनी इथे नीट लक्ष द्या. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही असं एजंट छातीठोकपणे सांगतात. आपल्या राज्यात ते खोटं आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला शिक्षा होऊ शकते. शिवाय भांडण झालं तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात), आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. पंधरा हजार भाडं आणि पन्नास हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांना शुल्क चार-पाचशेच्या घरात बसतं. आमच्यातल्या दोघांकडून एका एजंटने 'अॅग्रीमेंटचा खर्च' म्हणून सात हजार काढले. पावती मागितल्यावर म्हणाला, "पोरांनो, विश्वास नाही का?" नव्हताच, पण उशीर झाला होता. अंगठा आता आधारवरून घरबसल्या घेतात, तेव्हा रजिस्ट्रारच्या ऑफिसात रांगेतही उभं राहावं लागत नाही. आणि टोकन देण्याआधी खोलीत जाऊन, आत राहणाऱ्या माणसाशी बोलून या. पाच हजारांचं ज्ञान फुकट देतोय.

पण माझं डोकं अडकलं ते दुसऱ्याच प्रश्नावर. आम्ही अकरा जण महिनाभर फिरलो. मग गिरण्या चालू असताना लाखो माणसं गावाहून आली ती कुठे राहिली? त्यांना कुणी विचारलं नाही का, फॅमिली आहे ना म्हणून?

काकूंना विचारलं तर हसल्या. "फॅमिली गावाला असायची. इथे नुसते बाप्ये." एका खोलीत पंधरा-वीस जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच वळकटीवर. प्रत्येकाची एक पेटी आणि खुंटी. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशोबाने. खाणावळ चालवणारी बाई चाळीतलीच. (याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.) कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांनी तर वर्गणी काढून मुंबईत गावाची म्हणून खोली घेतली. गावचा कुणीही मुंबईत उतरला की पेटी घेऊन सरळ तिथे. नोकरी लागेपर्यंत कुणी उठवायचं नाही. गोव्याच्या लोकांचंही तसंच. धोबीतलावजवळ जेर महालमध्ये आणि आसपास त्यांच्या गावांचे क्लब आहेत, त्यांना ते कूड म्हणतात. बोटीवर जाणारे खलाशी जहाज मिळेपर्यंत तिथे राहतात. ओळीने पेट्या, एका बाजूला देव्हाऱ्यासारखं अल्टार, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. मी आमच्या कॉन्व्हेंटमधल्या गोव्याच्या एका मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, माझे आजोबा तिथेच राहिले होते, तुला माहीत नव्हतं? मला कसं माहीत असणार! आम्ही शाळेत एकमेकांना फक्त होमवर्क विचारायचो.

सरकारनेही बांधलं होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने बीआयटी चाळी बांधल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिले. हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यानंतरचं. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फूट. तोंडं वाकडी करावीत अशाच होत्या त्या, पण नवीन आलेल्या कामगाराला दार तरी होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले. नवीन माणसं येतच राहिली, फक्त आता ती आमच्यासारखी आहेत, लॅपटॉपवाली. त्यांच्यासाठी खोली बांधायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मी टीव्हीवर ते बघताना काकू डोळे पुसत होत्या. मलाही आनंद झाला. पण त्या १६० फुटांत पोटमाळ्यावर माझ्यासारखे किती भाचे असतील, आणि ते आता कुठे गेले असतील, हेही डोक्यात आलं.

कारण आमच्या चाळीचाही नंबर लागलाय. मालक आणि बिल्डर यांचं जमलं आहे. गणपतीनंतर गॅलरीत खुर्च्या मांडून मीटिंग झाली. पावतीधारकाला निदान तीनशे फूट कार्पेट मिळायलाच हवं असा नियम आहे, आमच्याकडे त्याहून जास्त देतो म्हणतात. काम होईपर्यंत महिन्याला भाडं. काकू बदलापूरला जाणार. त्यांच्या घरात संडास असेल, आयुष्यात पहिल्यांदा. मी त्यांच्यासाठी नकाशा वाचून दाखवला, कॉलम कुठे, खिडकी कुठे. "आणि पोटमाळा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्या बिल्डिंगमध्ये पोटमाळा नसतो, काकू.

गेल्या महिन्यात सर्व्हे करायला दोन माणसं आली. फाइल, टेप, मोबाईलवर फोटो. मी खाली बसून ड्रॉइंगची शीट करत होतो. एकाने खोली मापली, पावती बघितली, काकूंचं नाव लिहून घेतलं. मग माझ्याकडे पेन करून विचारलं, "हा कोण?"

"भाचा," काकू म्हणाल्या.

"पावतीवर नाव?"

"नाही."

त्याने काही लिहिलं नाही. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "जरा धर रे." मी धरलं. वाचन मात्र त्याचं चुकत होतं, तीन सेंटिमीटरने. ते मी सांगितलं. काकूंच्या तीन सेंटिमीटरचा प्रश्न होता!